विहिरीपासून खाडीपर्यंत

चिखली हे गाव समुद्राचे नव्हे. बुलढाण्याच्या दक्षिणेस, अजिंठ्याच्या डोंगररांगेने उचलून धरलेल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर ते वसले आहे. मुंबईचा किनारा येथून सरळ रेषेने मोजला तरी चारशे किलोमीटरांच्या आसपास दूर पडतो. कापसाचे आणि ज्वारीचे हे रान. येथील माणसास पाणी ठाऊक आहे ते मृगाच्या वाटेकडे लागलेल्या डोळ्यांतून आणि वैशाखात खोल गेलेल्या विहिरीच्या तळातून. अशा गावाचे नाव घेऊन सागर पोहून जाणाऱ्या हौशी माणसांचा इतिहास लिहावयास बसणे म्हणजे माळावर होडी बांधण्यासारखे आहे, असे कोणी वाचक म्हणेल तर त्यास आम्ही दोष देणार नाही. तथापि या पठाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. घाटाखाली वाहणाऱ्या पूर्णेचे पाणी चांगदेवापाशी तापीस मिळून पश्चिम समुद्रास जाते. आणि बुलढाण्याजवळ उगम पावून मेहकरकडे वळणाऱ्या पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने पूर्व समुद्रास पोहोचते. एकाच डोंगराच्या दोन अंगांवर पडलेला पाऊस दोन समुद्रांचा होतो. समुद्र येथून दूर असला तरी त्याचा आणि या मातीचा संबंध अगदीच नाही असे म्हणता येत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांस एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जो मनुष्य नावाडी नाही, कोळी नाही, ज्यास पोहण्यापासून पैशाची प्राप्ती नाही, तो आठ-आठ, सोळा-सोळा तास खाऱ्या आणि बहुधा थंड पाण्यात आपला देह स्वेच्छेने का घालतो? कीर्ती, आरोग्य, राष्ट्राचा मान, अशी उत्तरे नेहमी दिली जातात. ती खोटी नाहीत. परंतु इतिहास पाहता ती पुरी पडत नाहीत असे आम्हांस वाटते.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. मराठीत ‘तरणे’ या धातूला पोहणे असा अर्थ आहे आणि वाचणे असाही आहे. ‘तारणे’ म्हणजे बुडत्यास काढणे. नदी जेथून ओलांडता येते तो ‘उतार’. जेथे पोहोचावयाचे तो ‘पैलतीर’. संतवाङ्मयात संसारास भवसागर म्हटले, तो पोहून मौज करण्यासाठी नव्हे, कसाबसा पार होण्यासाठी. ‘पट्टीचा पोहणाराच बुडतो’ ही म्हणही त्याच मनोवृत्तीची साक्ष देते. जलक्रीडा आपल्याकडे नव्हती असे नाही. कल्याणीच्या चालुक्य राजाने, सोमेश्वराने, बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांत जलक्रीडेचाही समावेश आहे. परंतु ती कुंडातील आणि सरोवरातील क्रीडा. तीत अंतर नाही. लांबचे पाणी हे आपल्या पूर्वजांस संकटच वाटे, आणि ते ओलांडणे हे काम असे, छंद नसे.

हे काम किती मोलाचे होते, याचे एक उदाहरण आपल्या इतिहासात कायमचे कोरलेले आहे. इ. स. १७६० च्या ऑक्टोबरात यमुनेस पूर होता. पूर ओसरेपर्यंत शत्रू पैलतीरी अडकून राहील, या भरवशावर मराठ्यांचे सैन्य उत्तरेस कुंजपुऱ्याकडे गेले. अहमदशहा अब्दालीने त्याच महिन्याच्या अखेरीस बागपतजवळ उतार शोधून, माणसे व जनावरे गमावूनही, आपले सैन्य पाण्यापार नेले. पुढे पानिपतावर काय झाले ते सांगावयास नको. नदी म्हणजे भिंत असे ज्यांनी मानले ते अडकले आणि ती वाट आहे असे ज्याने मानले तो पुढे गेला. पाणी ओलांडण्याची विद्या ही अशी राज्यांच्या भवितव्याशी जडलेली होती.

सामान्य जनांस ही विद्या मिळे ती मात्र विहिरीवर. वऱ्हाडातील, मराठवाड्यातील आणि देशावरील खेड्यांत विहीर हीच पोहण्याची शाळा होती. सिंदखेडराजासारख्या जुन्या गावी पायऱ्यांच्या बारवा आणि मोती तलावासारखे जाधवांच्या काळचे तलाव आहेत. परंतु बहुतेक गावांस मोटेची साधी विहीर हेच भाग्य. पोराच्या पाठीस वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधावयाचा, कमरेस दोर लावावयाचा, दोराचे दुसरे टोक काकाने किंवा थोरल्या भावाने धरावयाचे, आणि पोरास पाण्यात ढकलून द्यावयाचे, हीच पहिली इयत्ता. मग एके दिवशी भोपळा सुटे, पुढे दोर सुटे. नंतर थारोळ्यावरून सूर मारणे, पाय पोटाशी घेऊन मुटका मारणे, बुडी घेऊन तळचा खडा वर आणणे, उताणे पडून निश्चल तरंगणे, या वरच्या इयत्ता. उन्हाळ्याच्या सुटीच्या पंधरा दिवसांत मुलगा ‘पोहता’ होऊन शाळेत परत जाई.

या शाळेने काय शिकविले आणि काय शिकविले नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. विहिरीने खोलीची भीती घालविली, दम धरावयास शिकविले, पाण्यावर विश्वास टाकावयास शिकविले. अंतर मात्र ती शिकवू शकली नाही. दहा-बारा हात मारले की समोरची भिंत येते. फिरून यावे तर तीच भिंत. विहिरीतील पोहणारा खोल जातो, लांब जात नाही. लांब जाण्याची संधी त्यास वर्षातून एकदाच, पावसाळ्यात, नदीला पूर आला म्हणजे मिळे. दोन भोपळ्यांची सांगड घेऊन पैलतीरास जाणे, पुरातून वाहत आलेले ओंडके ओढून काठास लावणे, हे गरजेचे उद्योग होते. त्यांतूनच हळूहळू हौस उगवली. सांगलीस कृष्णेवर १९२९ मध्ये आयर्विन पूल उभा राहिला, आणि पुराच्या दिवसांत त्यावरून उड्या टाकून प्रवाहाबरोबर वाहत जाणारे पोहणारे हा त्या गावाच्या अभिमानाचा विषय झाला. त्या उडीला कोणतेही कारण नाही, कोणी पैलतीरी वाट पाहत नाही, कसलाही निरोप पोहोचवावयाचा नाही. काम संपून छंद सुरू झाला तो अशा ठिकाणी.

येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख टाळणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. विहीर ही शाळा होती खरी, परंतु ती सर्वांसाठी उघडी नव्हती. ज्या पाण्यास हात लावण्याची एखाद्या जातीस बंदी, त्या पाण्यात तिच्या मुलांनी पोहण्याची गोष्टच कोठे? मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. परंतु ठराव कागदावर राहिला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्या तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टात निकालात निघाला तो १९३७ मध्ये. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतास जोडलेले असल्यामुळे मुंबईचा ठराव येथे लागूही नव्हता. पोहण्याच्या इतिहासात ही हकिकत कशासाठी, असे विचारणाऱ्यास आमचे उत्तर असे की, कोण पोहतो हे ठरण्याआधी पाणी कोणाचे हे ठरत असते.

शहरातही निराळे काही नव्हते. मुंबईत ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव १८७६ पासून चालू होता. त्यात एतद्देशीयांस प्रवेश नव्हता, आणि ही बंदी स्वराज्य आल्यावरही बरीच वर्षे टिकली. चर्नीरोडच्या समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या प्रसिद्ध तलावाच्या नावातच ‘हिंदु’ हा शब्द होता. म्हणजे बांधलेल्या पाण्यास सर्वत्र फाटक होते, आणि फाटकावर कोणीतरी उभा होता. आता त्याच तलावांपलीकडे पाहावे. भिंत संपली की समुद्र. त्यास फाटक नाही. मोकळ्या पाण्याच्या ओढीचा एक उगम येथे आहे असे आमचे मत आहे. समुद्र कोणास नाव-गाव विचारीत नाही. तो कोणाची गयही करीत नाही, हा भाग वेगळा.

आता क्षणभर परदेशाकडे वळू, कारण हौशी दीर्घ जलतरणाची आजची कल्पना तेथेच घडली. ३ मे १८१० रोजी कवी बायरन याने युरोप व आशिया यांमधील हेलेस्पाँटची सामुद्रधुनी एक तास दहा मिनिटांत पोहून पार केली. ग्रीक पुराणातील लिएंडर आपल्या प्रियेच्या भेटीसाठी रोज रात्री तेथून पोहत जाई, अशी कथा आहे. बायरनला भेटावयास कोणी नव्हते. कथा खरी असू शकते की नाही हे आपल्या अंगाने तपासून पाहावे, एवढाच त्याचा हेतू. अंतर फारसे नव्हते, पण निरर्थक वाटणाऱ्या पोहण्यास प्रतिष्ठा मिळाली ती या कृत्याने.

पुढचे नाव कॅप्टन मॅथ्यू वेब याचे. व्यापारी जहाजांवरील या खलाशाने २४ ऑगस्ट १८७५ रोजी डोव्हर येथे समुद्रात उडी घेतली आणि २१ तास ४५ मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी, फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ तो वाळूवर चालत गेला. त्या खाडीचे अरुंदातील अरुंद अंतर सुमारे ३३ किलोमीटर. परंतु भरती-ओहोटीने त्यास नागमोडी वाटेने नेल्यामुळे प्रत्यक्षात तो त्याहून पुष्कळच अधिक पोहला. आजच्या जलद पद्धतीने हात मारून नव्हे, तर छातीवर पडून, बेडकासारखे पाय झाडीत, मध्ये जेलीफिश डसत असता, तो गेला. त्याच महिन्यातील त्याचा पहिला प्रयत्न फसला होता. त्याच्या मागून दुसरा मनुष्य, टॉमस बर्जेस, पार गेला तो १९११ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी आणि अनेक अपयशांनंतर.

वेबचा शेवट मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. कीर्ती मिळाली, पण तीवर पोट भरेना. म्हणून तो पैशासाठी पोहू लागला. पैजा झाल्या, तिकिटे लावून टाकीत तासन्‌तास तरंगण्याचे खेळ झाले. लोकांचा उत्साह ओसरला तसतसे साहस वाढवावे लागले, आणि २४ जुलै १८८३ रोजी नायगाराच्या धबधब्याखालील खवळलेल्या प्रवाहात उडी घेऊन तो मेला. ज्या पाण्याने त्यास स्वेच्छेने येऊ दिले तेथून तो जिवंत परत आला. ज्या पाण्यात त्यास गरजेने ढकलले तेथून आला नाही. हौस आणि धंदा यांतील भेद इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे चरित्र आम्हांस आठवत नाही.

१९२६ पर्यंत पाच पुरुषांनी ती खाडी ओलांडली होती. त्या वर्षीच्या ६ ऑगस्टला गर्ट्रूड एडर्ली ही वीस वर्षांची अमेरिकन मुलगी साडेचौदा तासांच्या आसपास पार गेली. तोवरच्या सर्व पुरुषांहून तिचा वेळ सुमारे दोन तासांनी कमी होता. स्त्रीचा देह अशा श्रमास योग्य नाही, असे सांगणारे विद्वान त्या काळी इंग्लंडात होते आणि आपल्याकडेही होते. त्यांस उत्तर मिळाले. पुढच्याच वर्षी, ७ ऑक्टोबर १९२७ रोजी, मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमधील एक टंकलेखिका पार गेली. ही खरी हौशी: दिवसा कचेरीत यंत्रावर बोटे चालवावयाची आणि उरलेल्या वेळात थंड पाण्यात हात.

परंतु तिचे यश चार दिवसांतच झाकोळले. डोरोथी लोगन नावाच्या एका डॉक्टर बाईने आपणही खाडी पार केल्याचे जाहीर केले, वाहवा मिळविली, आणि मग स्वतःच कबूल केले की, मी बहुतेक वाट होडीत बसून आले. अशा दाव्यांची तपासणी किती ढिली आहे हे दाखविण्यासाठी मी ही थाप मारली. लगेच संशयाचे बोट ग्लाइट्झकडेही वळले. तिने काय करावे? ती वाद घालीत बसली नाही. ऑक्टोबरच्या २१ तारखेस, पाणी आणखी गार झाले असता, साक्षीदार बरोबर घेऊन ती पुन्हा उतरली. दहा तासांहून अधिक वेळ पोहल्यावर थंडीने बधिर झाल्यामुळे तिला वर काढावे लागले. पैलतीर गाठता आला नाही. तरीही संशय फिटला, कारण इतकी सहनशक्ती जिच्या अंगी आहे तिने आधी खोटे सांगितले असेल असे पाहणाऱ्यांस वाटेना. न पोहोचताही विश्वास मिळविल्याचे असे उदाहरण क्रीडेच्या इतिहासात विरळ. त्याच वर्षी खाडी पोहणाऱ्यांची संस्था स्थापन झाली आणि निरीक्षकाशिवाय कोणताही दावा मान्य होईनासा झाला.

साक्ष आणि कथा यांचा हा प्रश्न मराठी माणसास परका नाही. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या झरोक्यातून विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, धक्का गाठला आणि फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवले. तेथे ते पुन्हा पकडले गेले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले व फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. बोट बंदरातच असल्यामुळे पोहण्याचे अंतर थोडेच होते. तरी लोकमुखी ते वाढत गेले, आणि कित्येकांच्या सांगण्यात ती उडी भर समुद्रातून झाली. हे वाढविणारे भक्त त्या घटनेचा गौरव करीत नाहीत, तिचे मर्म झाकतात. तेथील प्रश्न किती हात मारले हा नव्हता. एका मनुष्याने काही क्षणांसाठी एका साम्राज्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकले आणि त्यामुळे दोन राष्ट्रांस न्यायासनापुढे उभे राहावे लागले, हा होता. दीर्घ जलतरणाच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी तरी लोककथेपेक्षा घड्याळावर अधिक विश्वास ठेवावा.

हिंदुस्थानात या छंदाचे पहिले माहेर बंगाल. तेथे प्रत्येक पाड्यात पुष्करिणी, आणि पुढे गंगा. विहीर आणि समुद्र यांमधली जी इयत्ता आपल्याकडे नव्हती ती तेथे होती. मिहिर सेन हा पुरुलियात जन्मलेला तरुण बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेला, तेथे वर्तमानपत्रात एका अमेरिकन स्त्रीच्या पोहण्याची हकिकत वाचून त्याने खाडीचा ध्यास घेतला, आणि अनेक अपयशांनंतर २७ सप्टेंबर १९५८ रोजी १४ तास ४५ मिनिटांत तो पार गेला. दुसऱ्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, आरती साहा पार गेली. ऑगस्टमधील तिचा पहिला प्रयत्न फसला होता. १९६६ साली मिहिर सेनने पाल्कची सामुद्रधुनी, जिब्राल्टर, डार्डानेल्स, बॉस्फरस आणि पनामाचा कालवा अशी पाच पाणी एकाच वर्षात पोहून काढली.

महाराष्ट्राने या वाटेवर पाऊल ठेवले ते मुंबईच्या बंदरातून. बंदराच्या तोंडाशी असलेल्या सन्क रॉकपासून गेटवेपर्यंतचे सुमारे पाच किलोमीटर ही लहान परीक्षा. आणि धरमतरच्या खाडीतून गेटवेपर्यंतचे ३६ किलोमीटर ही मोठी. हे पाणी इंग्लिश खाडीप्रमाणे गार नाही. त्याचे कष्ट निराळे: उकाडा, गढूळपणा, जेलीफिश, जहाजांची ये-जा, तेलाचा तवंग, आणि सर्वांवर भरती-ओहोटीचा कारभार. मोठ्या उधाणास येथे पाणी चार मीटरांहून अधिक चढते. ओहोट खाडीतून बाहेर नेते, भरती बंदरात आत ढकलते. ज्याचा वेळ चुकला तो तासभर हात मारूनही जागच्या जागी राहतो. म्हणून पोहणाऱ्याइतकेच महत्त्व होडीवरच्या तांडेलास. तिथी, वारा, उधाण आणि भांग यांचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. पोहणारा होडीस स्पर्श करू शकत नाही. केला की प्रयत्न संपला. अन्न काठीच्या टोकावरून वा दोरीने सोडलेल्या बाटलीतून घ्यावयाचे, ते पाण्यात उभ्या उभ्या. वर्तमानपत्रात नाव एकट्याचे छापून येते. परंतु हे पोहणे कधीही एकट्याचे नसते, आणि कोळीवाड्यातल्या तांडेलाचे ऋण या इतिहासात फार थोड्यांनी नोंदविले आहे.

या पाण्यात तयार झालेली माणसे दूर गेली. मुंबईच्या तारानाथ शेणॉय यांस ऐकू येत नसे आणि दिसतही अल्प असे. त्यांनी इंग्लिश खाडी तीनदा पार केली. ज्यास किनारा दिसत नाही आणि होडीवरची हाक ऐकू येत नाही, त्यास पाण्याखेरीज दुसरे काय कळत असेल? बाह्य प्रोत्साहनाचे, टाळ्यांचे आणि शाबासकीचे स्पष्टीकरण येथे निरुपयोगी ठरते. १९८७ मध्ये अनिता सूद, १९९४ मध्ये रूपाली रेपाळे, या मुंबईच्या मुलींनी तीच खाडी ओलांडली. पुण्याच्या रोहन मोरे यांनी जगातील सात कठीण सामुद्रधुन्या एकेक करीत पोहून, २०१८ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमधील कुकची सामुद्रधुनी पार केली आणि त्या साती पुऱ्या करणारे पहिले आशियाई होण्याचा मान मिळविला. पुणे हे समुद्राचे गाव नव्हे, हे चिखलीकरांनी विशेष लक्षात घ्यावे.

परंतु आमच्या मते या इतिहासातील सर्वांत आशादायक दृश्य विक्रमांचे नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी हिवाळ्यात समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा भरतात. अर्ध्या किलोमीटरापासून दहा किलोमीटरांपर्यंतची अंतरे, शाळकरी मुलांपासून सत्तरी गाठलेल्या वृद्धांपर्यंतचे गट, आणि राज्याच्या घाटमाथ्यावरूनही आलेली माणसे. त्यांतील बहुतेकांचे नाव कोठेही छापून येणार नाही, हे त्यांस ठाऊक असते. ती येतात आणि पोहून परत आपल्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात, शेतात जातात. हौशी या शब्दाचा अर्थ अशा ठिकाणी कळतो.

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. विहिरीत भिंत आहे, तलावात पट्टा आहे, शर्यतीत शेजारचा मनुष्य आहे; माप घेण्यास काहीतरी आहे. मोकळ्या पाण्यात पहिल्या तासानंतर यांपैकी काहीही उरत नाही. हात आणि श्वास यांचा ठेका, कानात पाण्याचा आवाज, डोळ्यांपुढे हिरवट अंधार. किनारा जवळ येतो आहे की नाही हे डोके उचलून पाहू नये असा अनुभवी लोकांचा उपदेश आहे. कारण तो येत नसल्याचेच दिसते. ज्याचे सारे दिवस दुसऱ्यांनी घातलेल्या मापांत जातात, कचेरीच्या घड्याळात, पगाराच्या आकड्यात, जातीच्या आणि प्रतिष्ठेच्या पायरीत, त्यास ही मापरहित अवस्था हवीशी वाटावी यात आश्चर्य नाही. शिवाय हार येथे लाजिरवाणी नसते. वेब, सेन, आरती साहा, सर्व प्रथम हरले. ग्लाइट्झ तर हरूनच खरी ठरली. पाण्यापुढे हरणे म्हणजे कोणाही माणसापुढे हरणे नव्हे, आणि ही सवलत संसारात दुसरीकडे सहसा मिळत नाही.

मात्र या ओढीची एक काळी बाजू आहे. हौसेचा हव्यास होण्यास वेळ लागत नाही, आणि तो हव्यास पुष्कळदा पोहणाऱ्याचा नसून त्याच्या वडीलधाऱ्यांचा असतो. १९८८ मध्ये अकरा वर्षांच्या एका इंग्रज मुलाने खाडी पार केली; १९९४ मध्ये आपल्याकडील बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा जयजयकार झाला. पुढे संबंधित संस्थांनी सोळा वर्षांखालील पोहणाऱ्यांस परवानगी देण्याचे बंद केले, हे आमच्या मते शहाणपणाचे झाले. त्या मुलांचे धैर्य खरे होते याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ज्यास ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार स्वतः वापरता येत नाही, त्याच्या पोहण्यास हौस म्हणणे कठीण. वेबला नायगाराकडे ढकलणारी गर्दी आणि कोवळ्या मुलास विक्रमाकडे ढकलणारी गर्दी या दोन निराळ्या जातीच्या आहेत असे आम्ही मानीत नाही.

शेवटी पुन्हा या पठाराकडे येतो. कारण येथे एक गोष्ट हातची जात आहे. विहिरी आटल्या, कूपनलिका आल्या, पाण्याची पातळी खाली गेली, कित्येक जुन्या विहिरी बुजल्या किंवा कचऱ्याने भरल्या. कूपनलिकेत मूल पोहू शकत नाही. भोपळा आणि दोर धरणारा काका, दोघेही दिसेनासे झाले आहेत. त्याच वेळी येळगाव, पेनटाकळी, खडकपूर्णा अशी धरणे होऊन, पूर्वी कधी नव्हते एवढे लांब-रुंद पाणी या जिल्ह्यात साठले आहे. लोणारचे सरोवर क्षारयुक्त आणि संरक्षित. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. पण धरणांचे पाणी तरुणांस बोलावते, आणि ज्यांनी विहिरीची पहिली इयत्ताही केलेली नाही ते त्या शांत दिसणाऱ्या पाण्यात उतरतात. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या बुडण्याच्या बातम्या वाचताना, पूर्वी माणसास लांबचे पाणी ठाऊक नव्हते पण पाणी ठाऊक होते, आणि आता लांबचे पाणी आले पण पाण्याची ओळख गेली, असे मनात येते.

मनाईच्या पाट्या लावून हा प्रश्न सुटणार नाही. वऱ्हाडला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून गावोगावच्या तरुणांस तालमीचे शिक्षण दिले आणि १९३६ मध्ये आपले पथक बर्लिनपर्यंत नेले. लाठी, लेझीम आणि मल्लखांब यांसाठी जे झाले ते पोहण्यासाठीही होऊ शकेल. प्रत्येक तालुक्यास एक जुनी विहीर उपसून स्वच्छ करावी, ती सर्व जातींच्या मुलांस आणि मुलींस सारखी उघडी असावी, तिच्यावर दोर धरणारा जाणता मनुष्य असावा. आणि जी मुले तेथून तयार होतील त्यांस होडीच्या देखरेखीखाली जलाशयात अर्धा कोस पोहण्याची वर्षातून एकदा संधी मिळावी. यास फार द्रव्य लागत नाही. यांतील एखादे मूल पुढे धरमतरच्या खाडीत उतरेल किंवा उतरणारही नाही. उतरले नाही तरी पैनगंगेस पूर आला असता काठावर उभे राहून त्यास पाण्याची नुसती भीती वाटणार नाही, आणि नुसता मोहही पडणार नाही. कोणते पाणी आपले आणि कोणते नव्हे, हे त्यास कळेल.